डॉक्टरांचा पांढरा शर्ट

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून पोलिसांनी माणूस आणला, की आमचे डॉक्टर त्याला आधी शर्ट काढायला लावायचे. मग कपाटातला धुतलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट त्याच्या अंगात चढवायचे आणि मगच म्हणायचे, "हं, आता तोंड उघड." "आवं डॉक्टर, दारू पेलोय, लग्नाला न्हाई निघालो," असं एका बहाद्दराने तपासणीआधीच कबूल केल्याचं ते रंगवून सांगत.

उंब्रजजवळ, महामार्गाकाठी त्यांचा सरकारी दवाखाना होता आणि कराडच्या कोर्टात मी सरकारी वकील. अशा खटल्यांत त्यांची साक्ष ठरलेली. शर्टाचं कारण अगदी साधं होतं. आमचा मुलूख साखर कारखान्यांचा. मळीच्या टँकरवर काम करणाऱ्याच्या कपड्यांत आंबूस वास बसतो आणि तो थेट दारूचाच वाटतो. "वास आला एवढ्यावर भागत नाही मॅडम, तो कुठनं येतोय ते बघावं लागतं," हे त्यांचं पालुपद ऐकून माझे कान किटले होते.

एकदा उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने विचारलं, "डॉक्टर, आपण आयुष्यात कधी दारू घेतली नाही म्हणता, मग माणूस प्यायलाय हे कसं ओळखता?" डॉक्टर म्हणाले, "बाळंत मी कधी झालो नाही, पण तुमच्या थोरल्याला मीच बाहेर काढलंय." न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

हे शर्ट धुतले जायचे कंपाउंडर शंकररावांच्या घरी. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, नीळ घालून कडक इस्त्री करून द्यायच्या. डॉक्टर आणि शंकरराव यांचं असं मेतकूट जमलेलं, की एकमेकांच्या डब्यातलं खाल्ल्याशिवाय दोघांनाही जेवण गोड लागत नसे.

त्या शंकररावांनाच एका सकाळी मळीच्या टँकरने उडवलं. ते जागीच गेले. ड्रायव्हरच्या अंगाला भपकारा येत होता. जमावाने त्याला चोपला आणि पोलिसांनी दवाखान्यात आणला. हजर डॉक्टर एकच, आमचे. मित्राचा देह शेजारच्या खोलीत असताना त्यांनी ड्रायव्हरला वहिनींनीच धुतलेला शर्ट घातला आणि तपासलं. तोंडाला वास नव्हता. चाल, बोलणं, डोळे, सगळं ठीक होतं. रक्तातही पुढे काही निघालं नाही. पण गाव एकमुखाने सांगत होतं, "त्यो पेलेला हुता."

साक्षीच्या पिंजऱ्यातून डॉक्टरांनी समोर बसलेल्या वहिनींकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "वास कपड्यांचा होता. गाडी बेदरकार हाकली असेल, तर त्याला जरूर शिक्षा द्या. पण हा माणूस प्यायलेला नव्हता." खाली उतरून ते वहिनींकडे गेले, तर त्या पदर ओढून उठल्याच. "मालक म्हनायचं, आमचं डॉक्टर देवमाणूस हाय. बघितलं आज," एवढं बोलून निघून गेल्या.

डॉक्टर माझ्या खोलीत येऊन रडले. "मी खोटं बोललो असतो, तर शंकरनं माझ्या डब्याला हात लावला नसता हो," म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या क्षणी हा माणूस मला फार मोठा वाटला.

मग ते शर्ट स्वतःच धुऊ लागले. निळीचे डाग, चुरगळलेल्या कॉलरी. आरोपीसुद्धा नाक मुरडायचे. कित्येक महिने असेच गेले आणि एक दिवस वहिनी दवाखान्यात उभ्या. कपाट उघडून म्हणाल्या, "निस्तं डाग पाडल्यात. ह्यांच्या दवाखान्यात असलं शर्ट?" गठ्ठा काखेत मारला आणि चालू लागल्या. डॉक्टरांनी लगेच मला फोन करून हे दोनदा सांगितलं.

निवृत्तीनंतर डॉक्टर वाईला राहायला गेले आणि यंदा तिथेच वारले. आंघोळ घालून झाली आणि घरची मंडळी कपडे शोधत होती, तेवढ्यात सुमनवहिनी एसटीने येऊन पोचल्या. पिशवीतून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून त्यांनी डॉक्टरांच्या मुलाच्या हातात दिला.

"ह्यो घाला त्यास्नी," त्या म्हणाल्या. "जलमभर दुसऱ्यास्नीच घालत आलं."