सहा मिनिटांची साक्ष

मेट्रनबाईंचं हृदय मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी थांबलं आणि अकरा वाजून सोळा मिनिटांनी पुन्हा सुरू झालं. जागा सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका खासगी दवाखान्याची ओपीडी. त्या स्वतःला दाखवायला गेल्या नव्हत्या. शेजारणीला घेऊन गेल्या होत्या आणि नंबर सोडून आत घुसलेल्या एका माणसाला झापत होत्या. वाक्य अर्धं राहिलं आणि त्या बाकावरून खाली आल्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं छाती दाबली, शॉक दिला. दोन बरगड्या मोडल्या. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण तिथली सिस्टर बाईंचीच विद्यार्थिनी होती. तिनं आधी घड्याळ बघितलं, मग डॉक्टरला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती मिनिटं?"

"सहा," डॉक्टर जरा अभिमानानं म्हणाला.

"मग डोकं तपासून घे. उद्यापासून मी गोड बोलायला लागले तर जबाबदार तू."

एका मिशन दवाखान्यात त्या पस्तीस वर्षं परिचारिका होत्या, त्यातली शेवटची बारा वर्षं मेट्रन. निवृत्तीनंतर पद गेलं, नाव राहिलं. लग्न केलं नाही. रेल्वे लाइन्सच्या मागं त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. पुढची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. मी एका दैनिकात नोकरीला होतो आणि त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतला नव्हतो. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. 'पेपरवाले' म्हणायच्या. सकाळी आमच्याच पेपरातलं निधनवार्तांचं पान पुढ्यात टाकून विचारायच्या, "दुःखद निधन म्हणजे काय हो? सुखद असतं का? मग शब्द कशाला वाया घालवता?"

सोलापुरात मरण चार भाषांत सांगावं लागतं. विणकरांच्या घरच्यांना तेलुगूत, अक्कलकोटच्या पलीकडून आलेल्यांना कानडीत, बाजारपेठेतल्या मुसलमान घरांना दखनीत. बाईंना या तिन्ही भाषांतलं एकेकच वाक्य येत होतं आणि ते मरणाचंच होतं. निदान 'पाणी हवं का' एवढं तरी शिकायचं, असं मी एकदा म्हटलं. "पाणी खुणेनं मागता येतं," त्या म्हणाल्या. "मरण खुणेनं सांगितलं की लोक आशा धरतात."

देवाघरी गेला, निजला, प्रभूनं बोलावलं, हे शब्द त्यांच्या वॉर्डात चालत नसत. मेला म्हणायचं आणि किती वाजता ते सांगायचं. एका बाईचं तान्हं मूल गेलं तेव्हा नवी नर्स तिला देवाच्या इच्छेबद्दल समजावत होती. बाईंनी नर्सला बाजूला केलं. "देवावर ढकलू नकोस. न्यूमोनियानं मेलं. चार दिवस घरी ठेवलं म्हणून मेलं. तिला असंच सांग." आईनं जमिनीवर डोकं आपटून घेतलं. दोन वर्षांनी तीच बाई दुसरं मूल कफ झाल्या दिवशी घेऊन आली. मेट्रनबाईंना बघून तिनं तोंड फिरवलं. ही हकिकत सांगताना बाई शेवटी एवढंच म्हणायच्या, "मूल जगलं."

कबरस्तानात त्यांचा दरारा दवाखान्यापेक्षा जास्त होता. तिथली जमीन मुरमाची. चार फुटांनंतर पहार टणटण वाजते आणि खोदणारे थांबतात. बाई पर्समध्ये सहा फुटांवर गाठ मारलेली दोरी ठेवायच्या. पाळक प्रार्थना सुरू करायच्या आत ती खड्ड्यात सोडायच्या.

"बाई, खाली खडक हाय की," खोदणारा म्हणायचा. "आता आनी किती खांदायचं?"

"गाठ दिसेनाशी होईपर्यंत."

"मेलेल्या मानसाला चार काय नि सा काय!"

"त्याला काही नाही. शेवटच्या दिवशी त्याला वर उठवणाऱ्याला दोन फूट जड नाहीत. पण कुत्र्याला खाली जायला जड गेलं पाहिजे."

आप्तेष्ट फुलं धरून उन्हात उभे राहायचे. पहार पुन्हा सुरू व्हायची.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम स्वतःकडे ठेवलं होतं. मंडळीतली कोणी बाई वारली की तिला आंघोळ घालणं, साडी नेसवणं, केस विंचरणं. बोलावणं आलं की ताटावरून उठायच्या. जिवंत असताना जिच्याशी दहा वर्षं बोलल्या नाहीत तिचीही नखं कापायच्या. प्रेताशी मात्र बोलायच्या, आणि तेही वॉर्डातल्याच आवाजात: "हात सैल सोड. आता कशाला मूठ?"

तर अशा बाई सहा मिनिटं मरून परत आल्या. मंडळीत ही बातमी त्या घरी पोचायच्या आधी पोचली. मे महिन्यात तीन दिवसांची उज्जीवन सभा होती: रोज संध्याकाळी मांडव, गायन, प्रवचन आणि साक्षी. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. पाळकसाहेब तरुण होते, वर्षापूर्वीच आलेले. ते संत्री घेऊन आले. हातात पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रकावर ठळक छापलं होतं: 'मृत्यूच्या पलीकडून परत आलेल्या भगिनीची साक्ष'.

"मला विचारलं कधी?" बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही नाही म्हणणार नाही अशी खात्री होती."

"मी काय सांगणार ते ठाऊक आहे?"

"प्रभूनं जे दाखवलं ते."

"मग लवकर आटपेल," बाई म्हणाल्या आणि संत्री शेजारणीकडे पाठवून दिली.

पाळकसाहेबांना ते होकारासारखं वाटलं. ही चूक त्यांची एकट्याची नव्हती. मंडळीतल्या जुन्या लोकांनी बाईंना चाळीस वर्षं ऐकलं होतं, तरी त्यांनाही तसंच वाटलं.

सभेच्या दुसऱ्या संध्याकाळी मांडवात तीनशेवर माणसं होती. जुळे सोलापूरकडची कुटुंबं रिक्षा करून आली होती, अक्कलकोटहून एक जीप आली होती. स्त्रियांच्या बाजूला पहिल्या रांगेत सुनंदाबाई बसल्या होत्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा एकुलता मुलगा सॅमी, वय बावीस, आठ महिन्यांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावर मोटरसायकलवरून उभ्या ट्रेलरवर आदळून मेला होता. मरण्यापूर्वीची दोन वर्षं तो उपासनेला देवळात आला नव्हता. त्यामुळे तो कुठं गेला, प्रभूनं त्याला घेतलं की नाही, हा प्रश्न त्या मंडळीतल्या प्रत्येकाला विचारत होत्या. पाळकसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं, बाईंची साक्ष ऐका, शांती मिळेल.

बाई उभ्या राहिल्या. माइक नको म्हणाल्या.

"माझं हृदय सहा मिनिटं बंद होतं. त्या वेळात मला काहीही दिसलं नाही. उजेड नाही, बोगदा नाही, कोणी माणूस नाही. बरगड्या अजून दुखतात. डॉक्टरचे आभार. बसते."

पेटीवाल्यानं हात उचलून ठेवला होता, तो तसाच राहिला. मग पहिल्या रांगेतून आवाज आला.

"बाई, माझा सॅमी दिसला नाही का हो?"

"नाही, सुनंदा."

"नीट आठवा की. उंच आहे. डाव्या भुवईवर टाके आहेत. तुमच्याच दवाखान्यात घातलेले."

"टाके मला आठवतात. पण तिथं आठवण्यासारखं काही नव्हतं."

"तिथं नव्हता, का तुम्हालाच दिसला नाही?"

"मला काहीच दिसलं नाही. एवढंच मला ठाऊक आहे."

पाळकसाहेबांनी घाईनं एका गीताचा क्रमांक सांगितला. सुनंदाबाई गीत संपायच्या आत उठून गेल्या. त्यानंतर त्या देवळात आल्या नाहीत.

परतताना रिक्षात मी विचारलं, थोडं सावरून सांगता आलं नसतं का?

"काय सावरायचं? मला दिसलं नाही म्हणून तो नाही, असं मी म्हटलं का?" बाई म्हणाल्या. "आमच्या शास्त्रात चार दिवस कबरेत राहून बाहेर आलेला माणूस आहे. तिथं काय बघितलं, यातलं एक अक्षर त्यानं सांगितल्याचं लिहिलेलं नाही. लोकांनी विचारलं नसेल होय? माझा विश्वास उठवणाऱ्यावर आहे. झोपेत काय दिसलं त्यावर नाही. दिसलं असतं तर विश्वासाची गरजच काय होती, पेपरवाले? पावती पुरली असती."

मंडळीनं तो फरक केला नाही. पुढच्याच रविवारी एक वडीलधारे सभासद बाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "अंधार दिसला म्हणजे बाई कुठं गेल्या होत्या ते कळलंच."

"छे, तिथं नव्हते गेले," बाई वळून म्हणाल्या. "तिथं गेले असते तर आपल्या मंडळीतले चार जण तरी भेटले असते."

हे उत्तर संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत पोचलं. जून महिन्यात मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या. मेट्रनबाईंनी साडी बदलली, साबण आणि कंगवा पिशवीत घातला आणि ओट्यावर बसून राहिल्या. बोलावणं आलं नाही. भगिनी मंडळानं ते काम दुसऱ्या दोघींना दिलं होतं. पुढं आणखी चार मृत्यू झाले. पहिल्या तीन वेळा त्या पिशवी घेऊन ओट्यावर बसल्या. चौथ्या वेळी बसल्या नाहीत. या विषयावर त्या एकदाच बोलल्या: "केस ओले ठेवून बांधतात त्या. वास येतो."

डिसेंबरात पायांवर सूज आली, आडवं पडलं की धाप लागायची. हृदय थकलंय, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि दवाखान्यात जायला नकार दिला. "पुन्हा बरगड्या मोडून घ्यायच्या नाहीत." शेजारीण दिवसातून दोन वेळा डोकावायची. नाताळानंतरच्या आठवड्यात एका सकाळी दार वाजलं. दारात सुनंदाबाई होत्या, हातात पेजेचा डबा. त्या सात महिन्यांत बाईंशी बोलल्या नव्हत्या. त्या आत गेल्या आणि त्यांनी चादर बदलायला घेतली.

त्या रोज येत राहिल्या. शाळेतून रजा काढली होती. बाई त्यांनाही सोडत नसत. "पेज आहे की खळ?" "उशी अशी देतात? पोरांना काय शिकवतेस तू?" सुनंदाबाई ऐकून घ्यायच्या आणि पुढचा चमचा पुढं करायच्या. नववा दिवस रविवार होता, मला सुट्टी होती. बाईंना उठवून बसवायला त्यांनी मला आत बोलावलं होतं. त्यामुळे पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे.

"बाई, तुम्ही चाललात," सुनंदाबाई म्हणाल्या.

"हो. दोनतीन दिवस."

"एक निरोप न्याल? सॅमीला."

बाईंनी पुढं आलेला चमचा हातानं बाजूला सारला.

"त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. संध्याकाळी तो परत आला, दार वाजवलं. मी उघडलं नाही. मग गाडी काढून गेला तो गेलाच. त्याला एवढंच सांगा, आईला झोप लागली होती. दार वाजलेलं ऐकू आलं नाही."

"लागली होती झोप?"

सुनंदाबाईंनी चमचा डब्यात ठेवला.

"ऐकू आलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"आलं होतं. तीनदा वाजवलं. मला वाटलं, राहू दे जरा बाहेर, अक्कल येईल."

"मग खोटा निरोप मी नेणार नाही."

"बाई, पाया पडते तुमच्या. तुम्हाला काय जातंय?"

"नाही म्हटलं ना. भेटशील तेव्हा तूच सांग. आणि खरं सांग."

सुनंदाबाईंनी डब्यातला चमचा पुन्हा उचलला. "दोन चमचे राहिलेत," त्या म्हणाल्या. बाईंनी ते खाल्ले.

मेट्रनबाई त्यानंतरच्या मंगळवारी वारल्या. सोमवारी रात्री सुनंदाबाई त्यांच्याजवळ राहिल्या होत्या. मी कामावर होतो. सकाळी आलो तेव्हा बाईंचे डोळे मिटलेले आणि हनुवटी बांधलेली होती. किती वाजता, असं विचारल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "पहाटे. घड्याळ नाही बघितलं." डॉक्टरांनी दाखल्यावर सहा वाजता असं लिहिलं. आंघोळ सुनंदाबाईंनीच घातली. भगिनी मंडळातल्या दोघी आल्या होत्या. त्यांना त्यांनी ओट्यावरच थांबवलं. केस पंख्याखाली कोरडे करून बांधले.

दफनाला पन्नासएक माणसं होती. पाळकसाहेब थोडक्यात बोलले.

पुढच्या रविवारी सुनंदाबाई आठ महिन्यांनी देवळात आल्या. साक्षीच्या वेळी उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की शेवटच्या रात्री मेट्रनबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, सभेत मी खोटं बोलले. त्या सहा मिनिटांत मला तुझा सॅमी दिसला होता. पांढऱ्या कपड्यांत होता. त्यानं दार वाजवायला हात उचलला, पण दार उघडंच होतं.

त्या रात्री खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

ही साक्ष मंडळीच्या मासिक पत्रिकेत पहिल्या पानावर छापली गेली. छापण्यापूर्वी पाळकसाहेबांनी मजकूर शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवला होता. तीन चुका होत्या. त्या दुरुस्त करून मी तो दुसऱ्या दिवशी परत पाठवला.