पाहुण्याच्या गाठीचं मीठ

माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. कुठले, कोणाचे, कशाला आलात, हे विचारल्याशिवाय मी दारातल्या माणसाला पाण्याचा तांब्याही देत नसे. त्यातून बेचाळीसच्या चळवळीनंतरचे ते दिवस आणि वडूजमधलं आमचं ख्रिस्ती घर. गावाला वाटे आम्ही साहेबाची माणसं, पोलिसांना वाटे आम्ही फरारी लपवतो. मग मीही दोघांकडे संशयानंच पाही.

माझे यजमान तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री. शिक्षण घेताना ते ग्रीक शिकले होते. त्या उन्हाळ्यात ते मिठावरच्या उपदेशाची तयारी करत होते आणि ती सगळी मला चुलीपाशी ऐकावी लागे. मरणातून उठलेला प्रभू शिष्यांबरोबर होता, त्या ठिकाणी नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये एक शब्द आहे; काही जाणकार त्याचा अर्थ 'एकत्र मीठ खाणं' असा लावतात, असं ते सांगत. आपल्यासारखंच त्या काळच्या लोकांतही एका ताटातलं मीठ खाल्लं की दगा करायचा नाही. मी म्हणाले, "शास्त्रात असेल. इथं मीठ खातात आणि तडक चौकीवर जातात." ते हसले आणि पुढचं टिपण करू लागले.

मग त्यांना जुलाब लागले. आजाऱ्याला अळणीच द्यायचं, ही सासूबाईंपासूनची शिस्त, म्हणून मी बिनमिठाची पेज पाजत राहिले. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, आवाज खोल गेला. दवाखाना साताऱ्याला, आणि जायला गाडी मिळेना. ते हातचे जातात की काय, या भीतीनं मी प्रार्थनेला बसले. खरं सांगते, ती तक्रारच होती.

भर दुपारी एक माणूस ओट्यावर येऊन टेकला. धुळीनं माखलेला, खांद्यावर कांबळं. "आक्का, सावलीला बसून भाकर खातो. वाईच कोरड्यास मिळंल का?" हा फरारी तरी असणार, नाहीतर खबऱ्या. माझं मीठ याच्या पोटात गेलं की मीही याच्याशी बांधली जाणार. "काही उरलं नाही," मी सांगून टाकलं. त्यानं कांबळ्याच्या टोकाची गाठ सोडली. आत मिठाचे खडे होते.

बाजेवरून यजमानांचा क्षीण आवाज आला. "पाहुण्याला एकटं जेवू देऊ नकोस. त्याला आत बोलाव, माझीही पेज आण." त्यांच्यापुढं माझं काही चाललं नाही. तो बाजेशी बसला, वाटीत डोकावला. "दादा, अळणीच पिताय व्हय? माज्यातलं घ्या की." यजमानांनी वाटी पुढं केली. मी मध्येच हात घातला. कोण जाणे काय कालवलं असेल! एक खडा उचलून मी आधी माझ्या जिभेवर ठेवला. साधं मीठच होतं. मग त्यानं दोन खडे पेजेत टाकले.

यजमान ती पेज तळापर्यंत प्याले आणि पुन्हा मागितली. संध्याकाळपर्यंत गोळे थांबले, त्यांना झोप लागली. मी रडतच पाय चेपत होते. "येतो, आक्का," म्हणून तो पाहुणा कधीच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. कांबळंवाला कोण, कुठला, कुठं गेला? खोटं बोलायचं नाही, आणि संशयापोटी का होईना, मीठ तर मीही त्याचंच खाल्लेलं. मग ध्यानात आलं की मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. "पाहुणा आला, जेवला, गेला," मी म्हणाले. "नाव-गाव विचारायचं राहिलं."

"तुमी? इचारलं न्हाई?" हवालदार माझ्याकडं बघतच राहिला. याच उंबऱ्यावर त्याचीही उलटतपासणी झालेली होती. पण माझी नजर काही खाली गेली नाही, आणि तो परतला.

मिठानं गुण आला की प्रार्थनेनं, यावर मी वाद घालत नाही. ज्या प्रभूनं त्यांच्या पेजेत मीठ घातलं, त्यानंच त्या दुपारी माझं चौकशीचं तोंड बंद ठेवलं, एवढं मी जाणते आणि त्याचे उपकार मानते. जे आपल्या हाती नाही ते त्याच्यावर सोडावं, हे मला त्या दिवशी कळलं. कडी मी अजूनही दोनदा तपासते. मात्र ओट्यावर कोणी भाकरी सोडली की आधी मीठ नेऊन ठेवते. चौकशी मागाहून करते, आणि कधी कधी ती राहूनही जाते.