एक छेद पंचेचाळीस

कोणताही प्रश्न ऐकला की बाई आधी फळ्यावर एक ठिपका देत आणि त्यातून दोन रेघा काढत. मग प्रत्येक रेघेला आणखी दोन. लातूरकडून आमच्या चिंचवडच्या शाळेत गणित शिकवायला आलेल्या या बाईंचं नाव मुलांनी आठवड्याभरात ‘फांदीबाई’ ठेवलं.

स्टाफरूममध्येही त्या तशाच. रजेचा अर्ज देण्याआधी वहीच्या मागच्या पानावर झाड: मंजूर, नामंजूर. नामंजूरच्या पुढे पुन्हा दोन फांद्या: ‘विनंती’ आणि ‘ताप’. चाकणची बस कोंडीत अडकून उशीर झाला, तर हजेरीत कारणाच्या जागी झाडच काढायच्या. शिपाई म्हणाला, “बाई, सही कुठंय?”

“शेवटच्या फांदीला लटकलीय, बघा.”

मुलांचे वडील बहुतेक कारखान्यांत. बाई विचारायच्या, “पप्पा पहिल्या शिफ्टला गेले तर ओव्हरटाइमची शक्यता किती? दुसऱ्या शिफ्टला गेले तर किती?” एरवी संभाव्यता म्हटलं की जांभया देणारी पोरं यावर तावातावाने भांडायची. “आधी काय झालं ते बघा, मग पुढची फांदी काढा,” हे बाईंचं पालुपद.

मी गणिताचा विभागप्रमुख. तीस वर्षं नाणी आणि फासे शिकवलेला. फासा कितीदाही टाका, बाजू सहाच. खालचा आकडा बदलत नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. सराव परीक्षेत मी प्रश्न काढला: पेटीत दहा बोल्ट, त्यांतले दोन खराब. एकामागून एक दोन काढले, पहिला परत टाकला नाही. दोन्ही खराब निघण्याची संभाव्यता किती? माझं उत्तर, एक छेद पंचवीस. बाईंच्या दहावी ‘ब’ने फांद्या काढून एक छेद पंचेचाळीस लिहिलं. मी सगळ्या वर्गाचे गुण कापले. वर बाईंच्या देखत वर्गात जाऊन म्हणालो, “झाडं बागेत लावा. पेटी दहाची, तर छेद दहाच!”

“सर, काय सांगायलाव? पहिला बोल्ट आपल्या हातात आहे की. पेटीत नऊच राहिले.”

“पुस्तकात फांद्या आहेत का?”

नव्हत्या.

संध्याकाळी घरी डब्यात दहा सुपाऱ्या घातल्या आणि एक काढली. बायकोने डब्यात डोकावून पाहिलं. “नऊ उरल्या. हे कळायला गणिताचा मास्तर लागतो?”

दुसऱ्या दिवशी कबूल करायचं ठरवून शाळेत गेलो, आणि विभागप्रमुखाच्या खुर्चीत टेकताच विसरायचं ठरवलं. बाई तासिका तत्त्वावर होत्या. वर्षअखेरीस मुख्याध्यापकांनी माझं मत विचारलं. “पद्धत चुकीची शिकवतात,” मी म्हणालो. जूनमध्ये बाई आल्या नाहीत.

यंदा त्यांना शोधत चाकणला गेलो. टायरच्या दुकानावर त्यांचा क्लास आहे. एका दमात सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या.

“मला तर तेव्हाच ठाऊक होतं, सर. मला कशाला सांगायलाव? खोटं भरल्या वर्गात सांगितलंत; खरं असं कोपऱ्यात सांगून कसं भागंल?”

म्हणून शाळेच्या स्मरणिकेत हे लिहितो आहे. दहावी ‘ब’च्या मुलांनो, तुमचं उत्तर बरोबर होतं. बाईंचंही. चूक माझी होती, आणि ती मला त्याच संध्याकाळी कळली होती.