भयमामांचं काळीज

झाडं पाडून पोट भरणारे आमचे मामा झाडाच्या सावलीत मात्र कधी उभे राहिले नाहीत. तंजावुरजवळच्या ओरत्तनाडूच्या बसथांब्यावर सगळं गाव चिंचेखाली दाटीवाटीने उभं असायचं आणि मामा एकटे रस्त्याच्या पलीकडे, रणरणत्या उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून. बस दिसली की धावत यायचे. लोकांनी त्यांचं नावच भयमामा ठेवलं. भय हा शब्द तमिळ शेजाऱ्यांनाही कळतो, त्यामुळे ते नाव आमच्या चार मराठी घरांपुरतं न राहता आसपासच्या गावांतही चाललं.

मामांचा स्वतःचा जेसीबी होता. वादळात कललेले माड काढायचे, बुंधे मुळासकट उपटायचे, शेतात चर आणि तळी खणायची, ही त्यांची कामं. यंत्राच्या केबिनचं दार त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. "उडी मारतांना दार उघडत बसूं काय?" म्हणायचे. त्यांच्याबरोबर धंद्यात आलेले धीट लोक आता आपापल्या घरी फोटोत हार घालून बसले आहेत, हे ते आम्हाला नेमकं जेवताना सांगत. मग मामी ओरडायच्या, "सांबार वाढूं कीं नक्को तें सांगा. पोरीला भिववूं नक्का."

कामाला गेले की आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढत, चूल विझवायला लावत. मग चपला काढून, टाचा आपटत अख्खं परसू पालथं घालत. "झाड पडतांना करकरतें. माती बोलत नाहीं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सशाचं काळीज घेऊन हत्तीचा धंदा, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांना राग आला नाही. "सशाला एवढाले कान कसाला दिले देवानें?" त्यांनी विचारलं आणि आपणच उत्तर दिलं, "भ्यायलाच कीं."

मग एका वादळाने आमच्या परसातली चिंच स्वयंपाकघरावर कलली. वडील गेल्यापासून गावातल्या त्या घरात आई एकटीच राहायची. मी नोकरीमुळे तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत. दुसरं वादळ येतंय म्हणून बातम्यांत सांगत होते, तेव्हा मी रजा टाकून आले आणि मामांना बोलावलं. मामा टाचा आपटत परसूभर फिरले, काही लागलं नाही. त्यांनी यंत्र आत घेतलं आणि मधेच थांबवलं. तुळशीपलीकडे जमिनीवर हळदकुंकू दिसत होतं.

"हें काय, अक्का?" त्यांनी आईला विचारलं.

"दर शुक्रवारीं लावतें. सासूबाई लावत होत्या."

"कसाला?"

"सासूला कोण विचारतंय!"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली उतरून त्यांनी पहार आणली आणि लांबूनच, हात ताणून, त्या जागी मारली. पहार हातातून निसटून गेली ती गेलीच. जरा वेळाने खालून पाण्याचा आवाज आला. खाली जुनी विहीर होती. आमच्या लोकांत विहीर बुजवत नाहीत. विहीर बुजवली की वंश बुजतो म्हणतात. म्हणून पणजोबांनी तिच्यावर माडाचे ओंडके टाकून वर माती लोटली असणार. विहीर सगळे विसरले आणि पूजा तेवढी चालू राहिली. आई रोज तिथून पाण्याची घागर घेऊन ये-जा करायची, खालचे ओंडके कुजत होते. यंत्राचं पुढचं चाक तिथून हातभर अंतरावर होतं. मामांनी ते हळूहळू मागे घेतलं, शेजारच्या शेतातून फिरवून आणलं आणि तारेचा दोर लावून चिंच बाहेरच्या अंगाला ओढून पाडली. मी त्यांना कधीच हसले नाही त्यानंतर. ते भित्रे होते म्हणून आम्ही सगळे जिवंत राहिलो.

पुढे मामी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर मामा कामाला लागले आणि गाव कौतुक करायला लागलं, भयमामा धीट झाला म्हणून. खरंच, आता ते टाचा आपटेनात, घरच्यांना काही विचारेनात. कललेल्या माडाखालीच डबा उघडून बसत. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "भय अस्कं गेलं, पोरी. थोडंही उरलं नाहीं. बरं वाटतंय." त्या दिवसापासून गावाकडचा फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं.

मी हे आईला सांगितलं. मामा कालव्याकाठचं मोहाचं एक पोखरलेलं झाड काढणार आहेत, असं कळलं तशी मला घेऊन ती बसने तिकडे गेली. एका बाजूची मुळं तोडून झाली होती. यंत्राचा हात वर उचललेला होता. आई बसमधून उतरली ती सरळ चालत गेली आणि बुंध्याशी मांडी घालून बसली. मी किंचाळले.

"अय्यो, अक्का! उठा! वेड लागलं काय?" मामा वरून ओरडले.

"तुम्हीं नाहीं बसत झाडाखालीं? मीही बसतें. पाडा."

वरून एक वाळकी फांदी तुटून तिच्या पुढ्यात पडली. आई डोळे घट्ट मिटून बसून राहिली. मामांनी धाडकन उडी मारली, धावत येऊन तिचं मनगट पकडलं आणि तिला फरपटत कालव्याच्या बांधापर्यंत नेलं. तिथेच चिखलात बसून ते लटलटा कापायला लागले. मामी गेल्यावर न रडलेला हा माणूस हंबरडा फोडून रडला. "तुम्हांला कांहीं झालं असतें तर, अक्का! मीं काय केलं असतें!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"भिलां काय?" आईने विचारलं.

"भिलों."

"सेरि, बरं झालं," आई म्हणाली. "चला, घरीं जेवायला."

पण तिलाही उठता येईना. दोघांना हात देऊन मलाच उठवावं लागलं.