अण्णांनी लोखंडाला नेसवलेलं कापड

जगातली प्रत्येक वस्तू एक तर कापड असते, नाही तर तिच्यावर कापड चढवता येतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझे सासरे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत मध्ये कुठेतरी कन्नड ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे बरं, ठरलेलं. समोर कोणीही येवो, नाव विचारायच्या आधी अण्णांची दोन बोटं त्याच्या बाहीचा पोत तपासत. मी लग्नाच्या बोलणीला पुण्याहून गेलो, तेव्हा त्यांनी माझा शर्ट चिमटीत धरला आणि आतल्या खोलीकडे बघून जाहीर केलं, “शर्ट पहिल्या धुण्यात आटणार. मुलगा बरा वाटतो.”

पुढे नोकरीनं मलाच बंगळूरला आणलं आणि आम्ही त्यांच्या यशवंतपूरच्या घरात वरच्या मजल्यावर राहू लागलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचे यजमान विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्यांनी उरलेसुरले काळे तुकडे अण्णांना गंमत म्हणून आणून दिले. कार्बन फायबरचं कापड. अण्णांनी ते उजेडात धरलं, तिरकं केलं, वीण पाहिली आणि त्यांचा आवाजच बदलला. “काठ नाही, पदर नाही, बुट्टा नाही. तरी रुबाब बघा जावईबापू!” हे कापड रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून लोखंडावर बसवलं की दगडासारखं घट्ट होतं आणि आरशासारखं चमकतं, असंही त्या गृहस्थांनी सांगून टाकलं. घरातली शांतता त्या दिवशी संपली.

रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात हार्डनर घालायचा असतो. अण्णांनी त्याला विरजण मानलं आणि लवकर लागावं म्हणून सढळ हातानं घातलं. स्वयंपाकघरातून उचललेला स्टीलचा पेला तापला, त्यातून धूर निघाला आणि बघता बघता ब्रश आतच उभा गोठला. सासूबाईंनी तो पेला त्यांच्या पानाशेजारी ठेवला. “आता ताक यातच प्या. ढवळायची सोय झालीय.” वासानं हैराण झालेल्या शेजारच्या अक्का भिंतीवरून विचारत, घरात कोणी आजारी आहे का? माझ्या सायकलचं चेनकव्हर मला न विचारताच काळं झालं. ऑफिसात एकानं हळहळून विचारलं, “सायकलला आग लागली होती?” अण्णांना त्याचं काही नव्हतं. वीण जरा तिरकी बसली की ओलं कापड ते सरळ ओढून काढत. “वाकडा काठ मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही. लोखंडाला का दाखवू?”

त्याच सुमारास माझी बायको शैला स्कूटर शिकली, आणि एका वळणावर भाजीच्या गाडीला धडकून पडली. हात प्लास्टरमध्ये गेला, पुढचं मडगार्ड चेपलं. हात बरा झाला, पण स्कूटरला ती हात लावीना. दोन बस बदलून शाळेत शिकवायला जायची. चेपलेलं मडगार्ड दिसलं की मान फिरवायची. “गॅरेजवाला ठोकून देईल,” मी म्हणालो. “मला ती जागा दिसतच राहणार,” ती म्हणाली आणि आत गेली. अण्णांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेलेच नाहीत, आणि मडगार्ड गच्चीवर पोचलं होतं. या वेळी घाई नव्हती. जुना रंग घासून काढला, खळगे भरले, पुसून काळ्या रंगाचा एक हात दिला. रेझिन लावून ते बोटाला चिकटू लागेपर्यंत बसून राहिले. कापडाच्या कडांना चिकटपट्टी लावली, म्हणजे दोरे सुटू नयेत. मग ते मधोमध टेकवून बाहेरच्या बाजूला दाबत नेलं, नव्या नवरीच्या निऱ्या बसवाव्यात तसं. बंगळूरचं ऊन भारी लहरी. ते जाईल तिकडे अण्णा मडगार्ड घेऊन गच्चीभर फिरत, आणि भुरभुर आली की स्वतः भिजून छत्री त्याच्यावर धरत. वरून रेझिनचे आणखी हात, मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरनं घासणं. पाण्याचा तांब्या धरण्याचा मान मला मिळाला.

रविवारी सकाळी मडगार्ड बसवून त्यांनी शैलाला खाली बोलावलं. तिनं बराच वेळ पाहिलं, मग एके ठिकाणी बोट ठेवलं.

“अण्णा, इथे फुगा राहिलाय.”

“स्वल्प राहिला. चालवताना टोचणार नाही.”

ती हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले. “मला भीती वाटते, अण्णा.”

“सरी. मला पण वाटते. म्हणून तर मी मागे बसतो.”

जन्मभर दुसऱ्याच्या मागे न बसलेला हा माणूस. रिक्षात बसला तरी रिक्षावाल्याला गिअर कधी बदलायचा ते सांगणारा. त्यांनी धोतर सावरलं, मागे चढले, डोळे घट्ट मिटले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. स्कूटर जरा डगमगली, सावरली आणि रस्त्याला लागली. सासूबाई आणि मी फाटकाशी उभे. दोघं दिसेनाशी झाल्यावरही त्या आत गेल्या नाहीत.

परत आल्यावर अण्णा काहीच झालं नाही अशा थाटात चहा मागत घरात शिरले. शैला स्कूटर स्टँडवर लावून तिथेच थांबली होती. मला वाटलं, आता मडगार्डचं कौतुक करील. ती स्वतःच्या खांद्याकडे बघत हळूच म्हणाली, “अण्णांचा हात किती हलका झालाय हो.”