आमची स्टाफरूम आणि ती एक कंपनी

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. चहा सांगितला, तो यायला उशीर झाला की कुणीतरी सुरू होतंच, "त्या दिवशीची गंमत सांगितली का तुम्हाला?" आमच्या स्टाफरूममध्ये असे किस्से ढिगानं साचलेत!

राजापेठेत आमचा ट्यूशन क्लास आहे. मी केमिस्ट्री शिकवते, वानखडे मॅडम बायोलॉजी. गणित देशमुख सरांकडे, आणि क्लासही त्यांचाच. आमचा मेल, फोटो, नकाशा, टाइमटेबल, प्रश्नपत्रिका सगळं एकाच मोठ्या कंपनीकडे आहे. आम्ही तिला नुसतं 'कंपनी' म्हणतो. बहुतेक किस्से तिचेच.

*

देशमुख सर आणि त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, पातूरला लग्नाला निघाले होते. पातूर म्हणजे काकूंचं माहेर. तरी सरांनी नकाशा लावलाच!

"अवो, डावीकडून घ्या. मले रस्ता माहीत हाय!" काकू म्हणाल्या.

"थांब न जरा! थे बाई बोलून रायली."

फोनमधल्या त्या बाईनं गाडी थेट तुरीच्या वावरात नेली. बांधावर एक आजोबा बसले होते. सरांनी त्यांना रस्ता विचारला. आजोबांनी फोनकडे बोट दाखवलं. "जिनं आणलं तिलेच विचारा न!"

तिथून पुढे काकू सांगतील तशी गाडी चालली. बाई मात्र मांडव दिसेपर्यंत ओरडत होती, "यू टर्न घ्या!"

*

सर मेसेज टाईप करत नाहीत, बोलतात. एकदा पालकांच्या ग्रुपवर त्यांनी बोलून टाकलं, "उद्या सकाळी टेस्ट हाय."

फोननं 'टेस्ट' गाळलं आणि 'हाय'पुढे हात हलवणारा इमोजी लावला. ग्रुपवर गेलं, "उद्या सकाळी हाय!"

टेस्टला एकही पोरगं आलं नाही. पण पालक मोठे सज्जन. सकाळी सगळ्यांचे मेसेज आले, "हाय सर!"

*

त्यानंतर सर भडकले. "आपण एकाच कंपनीच्या भरवशावर जगून रायलो. सोडाले पाह्यजे हे!"

"पण सोडायचं कसं?" मी विचारलं.

सरांनी सवयीनं फोन तोंडाजवळ नेला. "बाई, तुले सोडाचं कसं?"

"माफ करा, मला समजलं नाही."

"पाहा! मतलबाचं बरं समजत नाही तिले!"

*

आणि मग वानखडे मॅडमचं खातं बंद पडलं.

जुना फोन पाण्यात पडला, नव्यात पासवर्ड आठवेना. मॅडमचे वडील अकोल्याजवळ झेंडू लावायचे. ते मागच्या वर्षी गेले. त्यांनी पाठवलेले आवाजातले मेसेज त्या खात्यात होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. कंपनीत फोन लावावा तर पलीकडे माणूसच नाही. पण मॅडम हटल्या नाहीत. "माह्ये बाबा हायेत त्याच्यात. मी घेऊनच राहीन!"

शेवटी मधल्या सुट्टीत, आमच्या सगळ्यांसमोर, स्क्रीनवर ओळख पटवायचा प्रश्न आला. मॅडमनीच कधीकाळी निवडलेला. 'तुमचे आवडते शिक्षक कोण?'

मॅडम देशमुख सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "टाका माह्यं नाव. लाजता काहून?"

मॅडमनी टाकलं. 'उत्तर चुकीचं आहे.'

कुणी हसलं नाही. सरांनी चहाचा कप उचलला. रिकामाच होता, तरी प्यायले.

मॅडमनी सरांचं नाव पुसलं. मग त्यांनी हळूच टाईप केलं, 'बाबा'.

खातं उघडलं! सरांनीच पहिली टाळी वाजवली. मॅडमनी बाबांचा शेवटचा मेसेज लावला. मागे बाजाराचा गलका, आणि पुढे एक खणखणीत आवाज.

"पोरी, फोन काहून उचलून नाही रायली?"

मॅडमनी फोन कानाशी धरला.

"क्लास सुरू होता, बाबा. आत्ताच सुटला."