डब्यातला शांत रविवार

आमच्या घरातला ताण कमी करायचा असं मी ठरवलं, आणि एका रविवारी तो बोईसरपासून मनोरपर्यंत वाटून आलो.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. तिथे एक बाई दोन दिवस वेळेचं नियोजन शिकवायला आल्या होत्या. बाकीचे लोक चहा आणि समोशासाठी बसले होते. मी मात्र वही भरून टिपणं काढली. (पुढचं सगळं त्या वहीमुळे घडलं.)

घरी आम्ही चौघं. बायको सुषमा शाळेत शिक्षिका, मुलगी ऋचा कॉलेजात, आणि माझी आई. चौघांचे चार फोन. जेवताना आम्ही एकमेकांशी बोलत नाही असं माझ्या लक्षात आलं, म्हणून मी जाहीर केलं की दर रविवारी नऊ ते अकरा फोन बंद. ऋचाने विचारलं की बंद म्हणजे सायलेंट चालेल का. मी उदार मनाने हो म्हटलं. आईने तिचा फोन देताना अशी नजर टाकली, की जणू मी तिच्या गळ्यातली पोत मागतोय.

कुणी चोरून फोन घेऊ नये म्हणून मी चारही फोन नॅपकिनमध्ये गुंडाळले, एका स्टीलच्या डब्यात ठेवले आणि डबा पिठाच्या पिंपामागे दडवला. कुठे ठेवला ते कुणालाच सांगितलं नाही. मग गॅलरीत जाऊन डोळे मिटून दीर्घ श्वसन करत बसलो. मला हाक मारायची नाही, अशी घरात सक्त ताकीद होती.

नेमका तेव्हाच पाम गावाहून जनामामा आला. जनामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, चिकूची वाडी करतो. त्याच्या मुलीचं, नम्रताचं लग्न ठरत होतं आणि तारीख पक्की करायला पाच माणसं मनोरला मुलाच्या घरी निघाली होती. आईने त्यांच्यासाठी आदल्या दिवशी बेसनाचे लाडू करून, डब्यात भरून त्याच पिंपामागे ठेवले होते. गाडी खाली उभी, मामा घाईत. आई स्वयंपाकघरात गेली, पिंपामागे हात घातला आणि हाताला लागला तो डबा मामाला देऊन टाकला.

अकरा वाजता मी प्रसन्न होऊन आत आलो. पिंपामागे हात घातला तर डबा होता. उघडला. आत लाडू.

आईने दोन डबे एकाच दुकानातून घेतले होते, अगदी जुळे. पण वजनावरून तरी कळायला हवं होतं, असं मी म्हणताच आईने सुनावलं, "तू घरात फोन लपवतोस हे मला वजनावरनं कळणार होतं?"

मामाला फोन करावा म्हटलं, तर त्याचा नंबर कुणालाच पाठ नव्हता. स्वतःचे नंबर चौघांनाही पाठ होते, पण ते चारही डब्यात मुके होऊन पडलेले. आणि तेवढ्यात मला आठवलं, की ते पूर्ण मुके नाहीत.

मी गाडीची किल्ली घेतली. चौघंही निघालो आणि वाटेतला चिल्हार फाटा आला. मग हळूच सांगितलं, की त्या शिकवणाऱ्या बाईंच्या मते माणसावर सर्वांत जास्त परिणाम त्याच्या स्वतःच्याच आवाजाचा होतो, म्हणून मी रविवारसाठी माझ्या आवाजात अलार्म लावलेत. साडेअकरापासून दर अर्ध्या तासाला. अलार्म सायलेंटमध्येही वाजतो.

"काय बोललायस त्यात?" सुषमाने विचारलं.

मी सांगितलं. त्यानंतर मनोर येईपर्यंत गाडीत संपूर्ण शांतता होती. (माझ्या नियोजनातला तेवढाच भाग त्या दिवशी यशस्वी झाला.)

घराचा पत्ता अर्थातच फोनमध्ये. मुलाच्या वडिलांचं बियाण्यांचं दुकान आहे एवढंच आईला ठाऊक होतं. बाजारात विचारत विचारत पोचलो तेव्हा बाराला एक-दोन मिनिटं कमी होती. लाडवांचा डबा हातात धरून मी दारात उभा राहिलो.

आत पंधरा-वीस माणसं गप्प बसली होती. मधोमध पाटावर आमचा डबा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं. मामा उठून माझ्यापाशी आला आणि कानात म्हणाला, "अरे, डबा बोलतो. आमी कुनी काय बोललो नाय."

मुलाचे थोरले काका तासभर पंचांग घेऊन बसले होते. सुचवलेली प्रत्येक तारीख ते बाद करत होते आणि घरात त्यांना थांबवायची कुणाची हिंमत नव्हती. साडेअकराला डब्याने त्यांना थांबवलं होतं. ते बोलणं पाहुण्यांपैकी कुणाचं, या विचाराने काका लाल होऊन बसले होते.

मी हात जोडले, माफी मागायला तोंड उघडलं, आणि बारा वाजले.

"बोलणं पुरे," डबा माझ्या आवाजात म्हणाला. "किती वेळ घालवशील? ऊठ, कामाला लाग."

सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आजीने मान डोलावली. "ह्याचाच आवाज हाय," ती म्हणाली, आणि खो खो हसत सुटली. मग मुलाची आई हसली, नम्रता पदरात तोंड लपवून हसली, आणि शेवटी काकाही. हसता हसता त्यांनी पंचांग मिटलं आणि मघाशी बाद केलेली पहिलीच तारीख नक्की करून टाकली. लाडू फुटले. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवण झाल्यावर गप्पा रंगल्या त्या चार वाजेपर्यंत; दर अर्ध्या तासाला डबा ओरडला की पुन्हा हशा. सुषमा इतकी मोकळी हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. फोन डब्यातच राहिले होते आणि या वेळी मी काही सांगितलंही नव्हतं.

निघताना डबा उघडला. आईचे अकरा मिस्ड कॉल होते, सुषमाचे सात, ऋचाचे मोजण्यापलीकडे. सात तास फोन डब्यात होता, कारखान्यात काय हाहाकार उडाला असेल या धास्तीने मी माझा हातात घेतला.

एकही नव्हता. मी म्हटलं, इथे रेंज नसेल.

ऋचाने वाकून पाहिलं. "फुल आहे, बाबा," ती म्हणाली.